कुत्रीला विमान, आणि माणसाला?



रविवारच्या वंदनेनंतर विहारात एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आज आपल्यापुढे मांडीत आहे. हे कुटुंब गेल्याच वर्षी दीक्षा घेऊन धम्मात आले. मुलगा लंडनला नोकरी करतो. सुट्टीवर आला असताना वस्तीतली एक भटकी कुत्री स्कूटरखाली सापडली. मुलाने तिला दवाखान्यात नेले, मोडलेल्या पायावर उपचार केले आणि तो परत गेला. आता तो म्हणतो, तिला मी लंडनला नेणार, त्यासाठी पैसे साठवतो आहे. वडील संतापले आहेत. त्यांचे शब्द असे : "माझ्या आजाला गावच्या विहिरीवर चढू दिलं नाही. आणि या घरातून कुत्री विमानात बसणार? हा धम्म आहे का?"

या संतापाला हसू नका. तो आपल्या सर्वांच्या पोटातला आहे. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, कुत्री पीत. माणसाने ओंजळ भरली की तळे बाटत असे. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन त्या तळ्यावर जावे लागले. पुढे १९३१ साली मुंबईत गांधीजींची भेट झाली तेव्हा बाबासाहेबांनी हेच सुनावले होते, की जिथे आम्हाला कुत्र्यामांजरांहूनही हीन वागवतात त्या भूमीला मी मातृभूमी कोणत्या तोंडाने म्हणू? शाळेच्या पुस्तकातून आपण वाचत आलो, की एकनाथांनी काशीची गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली, नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. नाथांवर किंवा नामदेवांवर माझा रोष नाही. पण ज्या समाजाने या कथा डोळे पुसत ऐकल्या त्याच समाजाने आपल्या विहिरीवर पहारे बसवले. आजही मोठ्या शहरांत असे बंगले आहेत, जिथे रस्त्यावरच्या कुत्र्याला सोफ्यावर जागा आहे आणि भांडी घासणाऱ्या बाईचा चहाचा कप मात्र वेगळा ठेवलेला आहे. अशा घरातल्या प्राणिदयेला मी दया म्हणायला तयार नाही.

परंतु विचार करा, विहिरीवर पहारा कुणाचा होता? कुत्र्याचा नव्हता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी गावाबाहेर राहावे, कुत्री आणि गाढवे हेच त्यांचे धन, असे सांगितले आहे. म्हणजे ज्या लेखणीने आपल्याला गावकुसाबाहेर काढले तिनेच कुत्र्यालाही आपल्याबरोबर तिथे लोटले. ज्याला आपल्याबरोबरच हाकलले त्याच्यावर राग काढून आपल्या आजाला न्याय कसा मिळणार?

या ठिकाणी कुक्कुर जातकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जातके म्हणजे पूर्वजन्माचे पुरावे, असे आपण मानीत नाही. बोधकथा म्हणून ती वाचावीत. वाराणसीच्या राजाचा रथ रात्री अंगणात राहिला. पाऊस पडला, कातडी साज भिजला आणि वाड्यातल्याच पाळीव कुत्र्यांनी तो खाल्ला. राजाला सांगण्यात आले की बाहेरची कुत्री मोरीतून आत शिरली. राजाने हुकूम सोडला : दिसेल ते कुत्रे मारा. वाड्यातली तेवढी सोडली. जी वाचली ती स्मशानात राहणाऱ्या आपल्या म्होरक्याकडे पळाली. तो म्होरक्या एकटा दरबारात गेला आणि त्याने राजाला विचारले, चोर कोण हे न पाहता बाहेरच्यांना मारणे आणि घरच्यांना सोडणे, हा न्याय की पक्षपात? मग त्याने वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ खायला घालायला लावले. त्यांनी ओकून टाकले आणि कातड्याचे तुकडे बाहेर पडले. स्मशानातल्या कुत्र्याने इथे दया मागितली नाही, चौकशी मागितली! बाहेरचा म्हणून दोषी, हा निवाडा आपल्या वाडवडिलांनी किती वेळा सोसला आहे, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात करुणा आणि मैत्री यांत भेद केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री त्यापुढे जाऊन सर्व सजीवांना कवेत घेते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेचीच आहे, आणि आपण ती मोठ्याने उच्चारली आहे. फेब्रुवारी १९३४ मधले राजगृहातले छायाचित्र पाहा. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, सारे कुटुंब आहे आणि त्यांत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. तेव्हा कुत्रीला घरात घेणे धम्मात बसते का, हा प्रश्न मिटला असे समजा.

उरतो तो विमानाचा प्रश्न. मुलाने वडिलांना फोनवर आलोकची चित्रफीत पाठवली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथून काही बौद्ध भिक्खू शांतीसाठी वॉशिंग्टनकडे पायी निघाले. त्यांच्यासोबत आलोक नावाचा कुत्रा होता. तो आपल्याच देशातला भटका. भिक्खू भारतात पदयात्रा करीत असताना त्यांच्या मागे लागला आणि राहिला. मुलाचे म्हणणे, तो गेला तर ही का नको? मी त्या मुलाला एवढेच विचारीन : आलोक आधी पायांनी त्यांच्यामागे चालला, विमानात नंतर बसला. तुझी कुत्री कुणाच्या मागे चालते? तुझी ओळख तिला पंधरा दिवसांची. रोज भाकरी घालते ती तुझी आई, आणि कुत्री झोपते ती तिच्याच उंबऱ्याशी. लंडनच्या खोलीत तू सकाळी दार लावून जाशील, संध्याकाळी येशील. दिवसभर वस्तीभर हिंडलेल्या जिवाला ते घर वाटेल की कोंडवाडा? सगळ्याच कुत्र्यांना तसे वाटते असे नाही. पुष्कळ रुळतात, सुखाने म्हातारी होतात. पण नेण्याआधी हे विचारावे लागते. नुसती करुणा पुरत नाही, तिच्यासोबत प्रज्ञा लागते.

प्रज्ञेची बाजू म्हणून आणखी एक गोष्ट पाहू. २०२१ साली अझरबैजानहून अमेरिकेत आणलेल्या तेहतीस कुत्र्यांपैकी एक रेबीजचा निघाला. सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने भारतासह रेबीजचा धोका असलेल्या देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्री आणणे बंद केले. याचा राग मानू नका. रेबीजने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. मरतो कोण? अनवाणी शाळेत जाणारे पोर, रात्रपाळीहून चालत येणारा मजूर, पहाटे झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार बाई. गाडीतून फिरणाऱ्याला कुत्रा चावत नाही. एका कुत्रीला विमानात बसवून मागच्या वस्तीत हा धोका तसाच ठेवला, तर वडिलांच्या संतापात तथ्य राहतेच.

सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख आठवा. माणसांसाठी आणि पशूंसाठी, दोघांसाठी त्याने औषधोपचाराची सोय केली, आणि ती स्वतःच्या राज्यापुरती ठेवली नाही. चोल, पांड्य, ताम्रपर्णी, पार ग्रीक राजांच्या मुलखापर्यंत ती नेली. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या पाठवून लावल्या, रस्त्यांवर विहिरी खोदल्या. त्या विहिरी माणसे आणि जनावरे दोघांसाठी होत्या. म्हणजे आजारी जीव जिथे आहे तिथे औषध पोचवायचे, ही त्याची रीत.

इंग्लंडला कुत्रा न्यायचा तर नियम कडक आहेत. कातडीखाली चिप बसवायची, रेबीजची लस टोचायची, किमान तीस दिवसांनी रक्त तपासायचे आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचे. म्हणजे चार महिने हाताशी आहेत. दर शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांना लस दिली तर त्या भागातला रेबीज आटोक्यात येतो, असे तज्ज्ञ सांगतात. वस्तीत पन्नास कुत्री असली तर पस्तीस झाली. नगरपालिकेकडे निर्बीजीकरणासाठी अर्ज देणे, पशुवैद्याला वस्तीत बोलावणे, टोचताना कुत्री धरायला चार तरुण उभे करणे, यासाठी विमानभाड्याचा लहानसा हिस्साही पुरेल. मुलाने हे केले आणि मग कुत्रीला नेले, तर मी त्याला अडवणार नाही. हे न करता नेले, तर तो कुणाचे दुःख निवारतो आहे, याची त्याने स्वतःशी चौकशी करावी.

हे सारे त्या दिवशी विहारात बोललो. गृहस्थ गप्प होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "पोराला वाटतं, आम्ही तिला उपाशी ठेवू." मग त्या गृहस्थांनी तिथूनच मुलाला फोन लावला. विहिरीची गोष्ट काढली नाही. तू कामावर गेल्यावर ती दिवसभर कुणाजवळ राहणार, एवढेच विचारले. मुलगा म्हणाला, विचार करून सांगतो. लसीचे पैसे मात्र त्याने कबूल केले आहेत. पुढच्या महिन्यात पशुवैद्य वस्तीत येत आहेत.

जयभीम.