यादीतलं नाव, दारातलं माणूस

एखाद्याला मदत करायची, तर त्याच्याविषयी आपल्याला किती माहिती हवी? आणि ती हाती आली, की आपल्यावर कोणती जबाबदारी येते? दानाची शिकवण लहानपणापासून ऐकत आलेल्या आपण बायकांनी हा प्रश्न फक्त सरकारवर सोडू नये, असं मला वाटतं.

गोदाकाठच्या बासरला मुलांचा अक्षरारंभ करायला मराठवाड्यातूनही कितीतरी घरं जातात. अक्षर म्हणजे तिथे विद्येची सुरुवात. पण त्याच तेलंगणात सरकारी नोंदीतल्या अक्षरांवर घरातलं धान्यही ठरतं. या भागात विड्या वळून पोट भरणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांतल्या एखाद्या विधवेला पेन्शनसाठी एक कचेरी, रेशनला दुसरी, मुलाच्या आहाराला अंगणवाडी. प्रत्येक ठिकाणी आपली गरिबी नव्याने सिद्ध करायची, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची! या खात्यांनी आपापली माहिती एकमेकांना दिली, तर तिचे हेलपाटे वाचतील. यात करुणाच आहे.

तेलंगणाने १९ ऑगस्ट २०१४ रोजी एका दिवसात राज्यभर घरोघरी पाहणी केली. पुढे ‘समग्र वेदिका’ नावाच्या व्यवस्थेत अनेक खात्यांच्या नोंदी नाव-पत्त्यावरून जुळवल्या जाऊ लागल्या. पण त्या यंत्राला, ‘कुणाला मिळायला हवं आणि मिळत नाही?’ यापेक्षा, ‘कुणाला मिळतंय आणि मिळायला नको?’ हेच जास्त विचारलं गेलं. नावं सारखी निघाली, की एकाची गाडी दुसऱ्याच्या खात्यावर. रिक्षा ओढणाऱ्याच्या नावावर मोटार दिसली आणि घराचं रेशन गेलं, असंही घडलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१६ पासून रद्द झालेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितलं.

कुणी म्हणेल, खोटी कार्डं नसतात का? असतात की. आणि त्यांच्यामुळे खऱ्या गरजूचं नुकसान होतं, हेही खरं. पण दोन चुका सारख्या नाहीत. जास्तीचं गेलेलं धान्य पुढच्या महिन्यात थांबवता येतं. उपाशी गेलेला महिना मात्र कुणाला परत देता येत नाही.

आपला अनेकांतवाद काय सांगतो? वस्तूला अनेक बाजू असतात. एका बाजूने पाहिलेलं खोटं नसतं, पण पूर्णही नसतं. नोंद ही अशीच एक बाजू. तीस नोंदी एकत्र केल्या तरी माणूस पुरा होत नाही. आणि तत्त्वार्थसूत्र हिंसेचा संबंध प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी जोडतं. मारायचा हेतू नव्हता, एवढ्यावर सुटका नाही. पाऊल टाकताना खाली बघितलं होतं का, हे विचारलं जातं. दारात न जाता नाव खोडणं हा मला तसाच प्रमाद वाटतो. ‘यंत्राने खोडलं’ म्हणून हिंसा कुणाचीच राहत नाही, असं थोडंच आहे?

म्हणून माहिती जोडावी, जरूर जोडावी. पण आधी सुटलेल्यांना शोधायला. आणि नाव खोडण्याआधी कुणीतरी घरी जावं, कारण सांगावं, तिचं म्हणणं ऐकावं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव ठेवलं. म्हणजे कार्ड गेलं, तर आधी तिचंच नाव गेलं. आपण आहारदान, औषधदान हौसेने करतो. चार दानांत अभयदानही आहे ना? आपल्या गल्लीतल्या भांडीवालीचं, धुणंवालीचं नाव यादीत आहे का, हे वाचून देणं. नसेल तर अर्ज लिहून तिच्यासोबत कचेरीत जाऊन बसणं. तिची भीती कमी करणारं हे दान आपल्याला जमण्यासारखं आहे, बायांनो.