बंकमची माणसे

पोकळ, फसव्या बडबडीला इंग्रजीत ‘बंकम’ म्हणतात. हे मुळात एका जागेचे नाव. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात बंकम नावाची काउंटी आहे आणि फेलिक्स वॉकर हे तिथले लोकप्रतिनिधी होते.

फेब्रुवारी १८२०. मिझुरीला राज्याचा दर्जा देताना तिथे गुलामगिरी चालू द्यायची की नाही, यावर वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात प्रदीर्घ वाद झाला होता. ऐकून ऐकून कंटाळलेले सदस्य आता मतदान घ्या म्हणून ओरडत होते. अशा वेळी वॉकर बोलायला उभे राहिले. सहकाऱ्यांनी विनवूनही ते खाली बसेनात. आपल्याला बंकमसाठी बोलायचे आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. हा किस्सा तोंडोतोंडी पसरला, पुढे स्पेलिंगही बदलले आणि काउंटीचे नाव शब्दकोशात जाऊन बसले. भ्रमाचा भोपळा फोडण्याला ‘डीबंक’ म्हणतात, तो शब्द विल्यम वुडवर्ड यांच्या १९२३च्या कादंबरीतून रूढ झाला.

वॉकर यांना दोष लागला तो खोटी माहिती दिल्याचा नव्हे. मतदारांसाठी बोलणे हे तर प्रतिनिधीचे कामच, त्यात मला काहीच वावगे वाटत नाही. पण त्या देशात तेव्हा पंधरा लाखांहून अधिक माणसे गुलामीत होती, आणि गुलामगिरी आणखी किती मुलखात पसरू द्यायची हे त्या सभागृहात ठरत होते. अशा प्रश्नावर उभे राहायचे, आणि लक्ष मात्र गावाकडे आपले नाव कसे होईल यावर ठेवायचे! वाक्य न् वाक्य खरे असले, तरी असे बोलणे मी खोटेच मानतो. पुढच्याच महिन्यात तडजोड झाली आणि मिझुरीत गुलामगिरी कायम राहिली.

बंकमच्या दस्तनोंदणी कार्यालयात जमिनीच्या व्यवहारांच्या जुन्या वह्या आहेत. त्यांतच माणसांची खरेदीखतेही नोंदलेली आहेत. कार्यालयाने हे दस्त आता इंटरनेटवर सर्वांना खुले केले आहेत. विकल्या गेलेल्या माणसाचे नाव, विकणारा, घेणारा, सगळे रीतसर. वॉकर ज्या बंकमसाठी बोलायला उठले, तिथेच ही माणसे राबत होती. मिझुरीचा निकाल त्यांच्यासारख्यांच्याच जिवाशी निगडित होता. त्यांना मताचा अधिकार नव्हता, म्हणून वॉकर यांच्या बंकममध्ये त्यांची गणतीच झाली नाही.