चालण्याचे पुण्य

पायी चालण्याची स्तुती आजकाल पुष्कळ ऐकू येते, आणि प्रकृतीच्या दृष्टीने तिच्यात खोटे काही नाही. पाऊल टाकताना पोटरीचे स्नायू आवळतात व पायांत साचू पाहणारे रक्त हृदयाकडे परत लोटले जाते. श्वास खोल होतो, अन्न पचते, झोप लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटांचा मध्यम श्रम सांगितला आहे, आणि रोज थोडे झपझप चालणाऱ्याकडून तो सहज घडतो. परंतु आपल्या परंपरेने चालण्याकडे केवळ व्यायाम म्हणून कधीच पाहिले नाही. प्रदक्षिणा, परिक्रमा, वारी, तीर्थाटन या सर्वांत पायांना पूजेचे साधन मानले आहे. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की चालण्यात देहाच्या हिताखेरीज आणखी काही असेल, तर ते कशामुळे येते? नुसते पाय हलले म्हणजे पुण्य लाभले, असे तर कोणीच म्हणणार नाही.

चालण्याचा महिमा सांगताना ऐतरेय ब्राह्मणातील रोहिताच्या कथेचा आधार नेहमी घेतला जातो. चालत राहा, हा इंद्राचा उपदेश त्याच कथेतला. पण तो कोणत्या प्रसंगी केला गेला, याचा विचार क्वचितच होतो. पुत्र झाल्यास त्याचाच बळी देईन, असे वचन हरिश्चंद्राने वरुणाला दिले होते. रोहित मोठा झाला, वचनाची गोष्ट त्याच्या कानी आली, आणि तो धनुष्य घेऊन अरण्यात निघून गेला. इकडे वरुणाच्या कोपाने पित्याचे पोट फुगले. ते ऐकून रोहित परत यावयास निघाला, की मनुष्यरूपाने इंद्र वाटेत भेटे आणि त्याला पुन्हा चालावयास लावी. असे वर्षामागून वर्ष घडले. शेवटी रोहिताला भुकेने गांजलेला अजीगर्त भेटला. शंभर गाई देऊन त्याने त्याचा मधला मुलगा शुनःशेप आपल्या बदली विकत घेतला. पुढे देवांच्या स्तुतीने शुनःशेप सुटला, हे खरे. तथापि इतकी वर्षे चालून रोहिताने स्वतःचे मरण एका गरिबाच्या पोरावर ढकलले, हेही तितकेच खरे. त्याला जगावेसे वाटले, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. पण ज्या चालण्याची आपण एवढी थोरवी गातो, ते मुळात पळणे होते. गती ही स्वतः धर्म नव्हे, एवढा बोध या कथेतून अवश्य घ्यावा.

याच्या अगदी उलट प्रकारचे चालणे पाहावयाचे असेल, तर तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्याकडे वळावे. पैनगंगेपलीकडचा हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात आले, आणि उरलेल्या भागातही तेलुगु व गोंडी यांच्या जोडीने मराठी ऐकू येते. इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे नागोबाचे स्थान आहे. गोंडांमधील मेश्राम कुळाचा हा देव. पौष अमावास्येला त्याची महापूजा होते, आणि तिच्यासाठी लागणारे गोदावरीचे जल मेश्राम मंडळी पायी जाऊन आणतात. जन्नारम भागातील हस्तिनामडुगू या डोहापर्यंत अनवाणी जावयाचे, वाटेतील गावी मुक्काम करावयाचा, कलश भरून घ्यावयाचा आणि तसेच पायी परतावयाचे, असा हा क्रम आहे. २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले व तो डोह आता मंचिर्याल जिल्ह्यात मोडतो. पण जिल्ह्याची सीमा बदलली म्हणून वाट बदलली नाही.

आज त्या भागात मोटारीचे रस्ते आहेत. पाणीच हवे असते, तर ते एका दिवसात आणता आले असते. मग इतके दिवस चालावयाचे कशासाठी? आम्हांस असे वाटते, की येथे चालणे तीन बंधने स्वीकारते आणि त्या बंधनांतूनच त्याला व्रताची योग्यता येते. पहिले बंधन ओझ्याचे. हाती देवाचे जल आहे. ते सांडू नये, म्हणून पाऊल जपून पडते. दुसरे बंधन सोबतीचे. जथ्यात वृद्धही असतात, आणि जथ्याचा वेग नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पायांत असतो. तरुणाने आपली ताकद आवरून धरावयाची, हाच तेथे त्याचा संयम. तिसरे बंधन परतण्याचे. मेश्राम कुळाचा माणूस निघतो तो परत येऊन कोणाच्या तरी स्वाधीन काही करण्यासाठी. रोहिताच्या चालण्यात या तिन्हींचा अभाव होता.

बंधनातूनच अवधान उपजते. जैन मुनींच्या आचारात ईर्यासमिती म्हणून एक नियम आहे. पायाखाली जीव चिरडू नये, म्हणून पुढची चार हात भूमी निरखीत चालावे, असा त्याचा आशय. चित्त एकाग्र करण्याचा एखादा उपाय म्हणून तो सांगितलेला नाही. तो अहिंसेसाठी आहे, आणि एकाग्रता त्याच्या मागोमाग आपोआप येते. आपल्या देवळातील प्रदक्षिणेचेही तसेच. देवाला उजव्या हाताला ठेवावयाचे, पुढच्याला ढकलावयाचे नाही, मागच्याला खोळंबवावयाचे नाही. एवढे भान राखून जो पाच प्रदक्षिणा घालतो, त्याचे मन निवते. मनःशांतीच मिळवावयाची म्हणून जो भरभर एकवीस उरकतो, तो बहुधा आकडाच मोजीत राहतो.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. ज्याच्या दाराशी वाहन उभे आहे, त्याने चालण्याचे गोडवे गावे, हे सोपे. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईला ते काय होत? २०२० च्या टाळेबंदीत आदिलाबादवरून उत्तरेस जाणाऱ्या याच राजमार्गाने सहस्रावधी मजूर बायकामुलांसह उन्हातून आपापल्या गावी चालत निघाले. त्यांच्याही डोक्यावर ओझे होते, सोबत होती, घरी परतण्याची ओढ होती. त्याला व्रत म्हणावयाचे काय? मुळीच नाही. बंधन स्वखुशीने घेतलेले असावे लागते. लादलेले बंधन ही विपत्ती होय. पोर्तुगीज अमदानीत सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांना घेऊन जे लोक सासष्टीतून अंत्रुज महालात गेले, त्यांच्या वंशजांना हा भेद निराळा समजावून सांगण्याचे कारण नाही. त्यांच्या निष्ठेला आपण वंदन करतो. पण तशी पाळी पुन्हा कोणावर यावी, असे कोणी इच्छील काय?

नागोबाच्या जत्रेतच या आक्षेपाचे उत्तरही आढळते. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम मारला गेल्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. त्या दशकात केसलापूरच्या जत्रेला जोडून दरबार भरू लागला, आणि अधिकाऱ्यांनी डोंगरात येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, अशी प्रथा पडली. यातील मर्म मोठे आहे. देवासाठी मैलोगणती आनंदाने चालणाऱ्या माणसाला न्यायासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत, म्हणून अधिकाऱ्याने चालत त्याच्याकडे जावे. १९५१ साली विनोबा वर्ध्याकडून पायीच हैदराबादजवळील शिवरामपल्लीस गेले व तेथून पुढे तेलंगणात फिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्यापाशी जमीन मागितली आणि गावातल्याच एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली. मोटारीतून धूळ उडवीत जाणाऱ्याला कोणी थांबवून असे मागते ना. पायी येणारा मनुष्य दारात उभ्या असलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो, म्हणून त्याच्याशी बोलता येते.

तेव्हा चालण्याचे पुण्य पायांतही नाही आणि अंतरातही नाही. आपण कोणासाठी ओझे उचलले, कोणाच्या सोयीने आपली चाल मंदावली, आणि आपल्या चालण्याने कोणाची सक्तीची पायपीट वाचली, यांत ते आहे. सकाळी फिरावयास निघणाऱ्याने प्रकृतीसाठी अवश्य फिरावे. देह हेही देवाचे मंदिरच आहे. पण आठवड्यातून एखादा दिवस त्याच पायांनी एखाद्या अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी देवाचे तीर्थ पोचवावे, किंवा देवळात येऊ इच्छिणाऱ्या एखाद्या वृद्धेचा हात धरून तिच्या चालीने चालावे. मिनिटे कदाचित तितकीच भरतील. मात्र त्या दिवशीचे चालणे हे व्रत होईल.