हिशेबाबाहेरचे श्रम

ज्याचे तारण जगदुत्पत्तीपूर्वीच ईश्वराच्या दप्तरी नमूद होऊन गेले आहे, आणि ज्याच्या सत्कृत्यांनी त्या नोंदीत कानामात्रेचाही फरक पडावयाचा नाही, अशा मनुष्याने पहाटे उठून चूल तरी कशासाठी पेटवावी, अशी शंका तर्कनिष्ठ माणसाच्या मनात सहज उद्भवते. अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलाचिअन पर्वतराजीत राहणाऱ्या लोकांत मेथॉडिस्ट, पेंटेकॉस्टल असे अनेक ख्रिस्ती पंथ नांदतात. परंतु त्यांतील जुन्या ‘प्रिमिटिव्ह बाप्टिस्ट’ पंथाची श्रद्धा नेमकी अशीच आहे. तारण हे पुण्याचे वेतन नसून निखळ कृपादान आहे, असे मानणाऱ्या या मताच्या पुढाऱ्यांनी १८३२ साली मेरीलँडमधील ब्लॅक रॉक येथे जमून धर्मप्रसारक मंडळ्या आणि रविवारच्या शाळा यांना शास्त्राधार नाही असा निवाडा दिला. टेनेसीतील केड्स कोव्ह या खोऱ्यात १८२७ साली स्थापन झालेल्या त्यांच्या मंडळीचे १८८७ मधील साधे लाकडी प्रार्थनामंदिर अद्यापि उभे आहे.

अशा मतातून आळस उपजावा, अशी आपली अपेक्षा असते. पण त्या मुलुखातील शरद ऋतू ही अपेक्षा पार खोटी ठरवितो. आदल्या रात्री घरातील लहानथोर बसून सफरचंदे सोलतात, गाभा काढून फोडी करतात, आणि सकाळी अंगणात लाकडाच्या जाळावर तांब्याची मोठी काहील चढते. लांब दांड्याच्या टोकाशी काटकोनात फळी बसविलेल्या ढवळण्याने ती दिवसभर ढवळावी लागते, कारण हात थांबला की तळ करपलाच; म्हणून आजी दमली की सून आणि सून उठली की नातू, असा पहारा बदलत राहतो. उन्हे कलता कलता लगदा गडद तांबूस होतो; बशीत थेंब टाकून त्याच्या कडेने पाणी सुटत नाही अशी खातरी पटली, की दालचिनी-लवंगेच्या वासाचा हा दाट ‘ॲपल बटर’ बरण्यांत भरला जातो. ज्वारीच्या जातीच्या गोड धाटांची काकवी करण्याचीही तेथे जुनी रीत आहे, आणि खेचराने फिरविलेला चरक, उकळता रस व वर येणारी मळी काढणारा जाणता म्हातारा पाहून कोल्हापूरकडच्या माणसाला आपल्याच गुऱ्हाळात आल्यासारखे वाटेल. नित्याचे जेवण याहूनही साधे असते: रात्री भिजत घालून, खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या एखाद्या तुकड्यासह मंद आचेवर शिजविलेला पिंटो घेवडा, बिडाच्या तापलेल्या भांड्यात भाजलेली मक्याची ताकातली जाड भाकर, आणि तोंडी लावण्यास कच्चा कांदा.

आपल्या परिचयाच्या निष्काम कर्माशी याचे साम्य दिसते, तथापि एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. गीतेतील साधकाचे फळ पुढे असते व त्याने त्यावरील आपला हक्क सोडावयाचा असतो. या डोंगरी भाविकाच्या दृष्टीने फळ मागेच पदरात पडलेले असते, आणि त्याचे सारे कर्म ही त्या दानाची पोच असते. वर्षातून एकदा प्रभुभोजनाच्या दिवशी पुरुष पुरुषांचे व स्त्रिया स्त्रियांचे पाय धुतात. कमरेला पंचा बांधून शेजाऱ्यापुढे गुडघे टेकणाऱ्या त्या वृद्धाच्या खाती त्याबद्दल कोणतेही पुण्य जमा होत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते आणि म्हणूनच त्याचा हात मोकळा असतो.

शरदाच्या याच दिवसांत कुटुंबेच्या कुटुंबे केवळ पाने पाहण्यासाठी बाहेर पडतात. ब्लू रिज पार्कवे हा ४६९ मैलांचा रस्ता १९३५ साली सुरू होऊन १९८७ मध्ये पुरा झाला. त्यावरून जाताना सप्टेंबरअखेर शिखरांवर उमटलेला रंग नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत पायरीपायरीने खोऱ्यांत उतरताना दिसतो. पानातील पिवळा रंग उन्हाळाभर हिरव्याखाली झाकलेला असतोच, हिरवा ओसरला की तो प्रगट होतो. तांबडा मात्र पान आपल्या अखेरच्या दिवसांत, अडकून राहिलेल्या शर्करेतून, नव्याने घडविते. कृपावाद्याने पिवळ्याकडे बोट दाखवावे आणि कर्मवाद्याने तांबड्याकडे. डोंगराने या वादात कोणाचेच वकीलपत्र घेतलेले नाही.

परंतु याच डोंगराने एक कठोर आक्षेपही उभा केला आहे. १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळलेल्या बुरशीने शतकाच्या मध्यापर्यंत चेस्टनटचे अब्जावधी वृक्ष नष्ट केले. ज्यांच्या फळांवर शरदात डुकरे पोसली जात आणि ज्यांच्या विक्रीतून गरिबाच्या घरी चार पैसे रोख येत, ती झाडे कोणत्या अपराधास्तव गेली? पापपुण्याची रोजकीर्द ठेवणारा, बायबलातील ईयोबाच्या दुःखाला त्याचेच पाप कारण मानणाऱ्या मित्रांप्रमाणे, अपराधी शोधू लागतो. जे मिळाले ते आपल्या लायकीने मिळाले नव्हते असे मानणारा निदान एवढ्या क्रौर्यातून सुटतो, की शोकग्रस्त शेजाऱ्याकडे तो त्याच्या पापाची चौकशी करीत नाही. दुःखाचे कोडे त्याने सुटत नाही, पण दुःखितावरचा एक अन्याय टळतो.

मात्र या वृत्तीचा अंमल कोठवर चालू द्यावा, हे तेथील इतिहासच सांगतो. कोळशाच्या कंपन्या मजुरांना आपल्याच शिक्क्याच्या बिल्ल्यांत मजुरी देत व ते बिल्ले आपल्याच दुकानात वसूल करीत. १९२१ साली पश्चिम व्हर्जिनियातील ब्लेअर माउंटनवर हजारो खाणकामगार संघटनेच्या हक्कासाठी शस्त्रे घेऊन उभे राहिले. ईश्वरापाशी व काहिलीभोवती हिशेब सोडणे हा धर्म असेल, पण मालकापाशी तो मागणे हाही धर्मच होय. ‘मला मिळाले ते माझ्या कमाईचे नव्हे’ हे वाक्य घेणाऱ्याच्या तोंडी नम्रता ठरते. तेच देणेकऱ्याने दुसऱ्याला उद्देशून उच्चारले, की ती सरळसरळ लबाडी होते.