सात तारखेचे राजे

सात तारखेला पगार, दहा तारखेला हातउसने. लाज वाटते का? ओव्हरटाइम करून करून डोळे तांबारतात आणि तीन दिवसांत खिसा रिकामा! मेसवाल्याला म्हणे, 'काका, पुढच्या महिन्यात देतो.' त्याने काय तुला दत्तक घेतलंय?

नवा फोन कशाला घेतलास? जुन्याला काय धाड भरली होती?

'सर, ऑफर होती.'

ऑफर कधी नसते? चाकणच्या तळेगाव चौकात उतर, दुकानदार मांडव घालूनच बसलेत.

'सर, नो कॉस्ट ईएमआय आहे.'

शून्य टक्के व्याज नावाची चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. प्रोसेसिंग फी कोणी भरली? रोखीवरची सूट कुठे गेली? दुकानदाराने धर्मशाळा उघडलेली नाही. आणि हे तुला कळत नाही? व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक पकडणारा पोरगा तू! आयटीआयत दोनदा मापल्याशिवाय जॉबला हॅकसॉ लावत नव्हतास. मग स्वतःच्या पगारावरच आंधळी करवत का?

याच पट्ट्यात, आकुर्डीत, चेतक स्कूटर बनायची. लोक नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबायचे. ते काही संत नव्हते; स्कूटरच मिळत नव्हती, म्हणून थांबले. तुला अडवणारं कोणी उरलेलं नाही. बोट लावलं की माल दारात. म्हणजे आता तुझं तुलाच थांबायला हवं, आणि तिथेच तुझी बोंब.

'सर, एकदाच जगतो माणूस.'

कंत्राटी आहेस ना? उद्या ब्रेक दिला तर हप्ता कोण भरणार? बाप? तो तिकडे कांदा चाळीत घालून चार-चार महिने भावाची वाट बघतो. तुला चार दिवस दम निघत नाही. आणि वर, 'आमच्या घरच्यांना पैशातलं काही कळत नाही' म्हणून आम्हालाच ऐकवतोस!

काही घ्यावंसं वाटलं की वहीत लिही, तारीख टाक, दोन पगार जाऊ दे. तरीही हवंच असेल, तर रोखीने आण. बहुतेक वेळा तुला आठवणारही नाही काय लिहिलं होतंस.

या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे ना? मग सकाळी लोळत पडू नकोस. आधार, पॅन, फोटो घे आणि पोस्टात जा. आरडी महिना शंभर रुपयांपासून उघडते. मेसवाल्याचे पैसे मात्र त्याआधी देऊन ये.