वाटेत असतानाच



मागील महिन्यात एका पावसाळी संध्याकाळी बाभोळा नाक्याजवळ आपल्या पॅरिशच्या गाडीची एका रिक्षाला मागून धडक बसली, ही बातमी तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानावर आली आहेच. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर कितीतरी जणांनी प्रेमाने विचारपूस केली. "फादर आजाऱ्याच्या कॉलला घाईने निघाले होते," असेही कुणीतरी म्हणाले आणि ते सगळीकडे पसरले. आम्ही ते ऐकले, हसलो आणि गप्प राहिलो.

आम्ही आजाऱ्याकडे निघालो नव्हतो. सणाच्या मंडपाच्या मीटिंगला उशीर झाला होता, शेजारच्या सीटवर मोबाईल वाजला आणि आम्ही त्याकडे पाहिले. खड्डा चुकवण्यासाठी समोरची रिक्षा थांबली. आम्ही मान वर केली तेव्हा ब्रेक दाबून उपयोग नव्हता. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. मोबाईलकडे दोन सेकंद पाहिले तर 22 मीटर रस्ता आपण डोळे मिटून चाललो असे समजा. शिवाय रस्ता ओला होता.

इथवर कुणाच्याही बाबतीत होऊ शकेल अशी गोष्ट आहे. खरे सांगायचे आहे ते त्यानंतरच्या दहा मिनिटांविषयी.

गाडीतून उतरल्यावर आमच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "अरे, असा अचानक ब्रेक का मारलास?" कुणाला लागले का, हे नंतर विचारले. सेमिनरीत आणि नंतर आम्ही कितीतरी वेळा उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायावर बोललो आहोत. देवाने विचारल्यावर आदामने बायकोकडे बोट दाखवले, तिने सर्पाकडे. ते बोट स्वतःच्या हाताला फुटलेले त्या दिवशी पाहिले.

तोवर माणसे जमली. आम्ही पांढऱ्या झग्यात होतो. जमलेल्यांत आपल्याच धर्मग्रामातील तिघे-चौघे होते. त्यांनी काहीही न विचारता रिक्षावाल्याला फैलावर घेतले. तो परप्रांतातून आलेला, वयाने आमच्याहून लहान. त्याच्या भाषेवरून आणि गावावरून जे शब्द उच्चारले गेले ते येथे लिहीत नाही. ज्यांनी उच्चारले त्यांना ते आठवत असतील. तो एका हाताने मान चोळत उभा होता आणि शेवटी आम्हालाच म्हणाला, "जाने दो फादर, हो गया।" ज्याला धडक बसली त्याने धडक देणाऱ्याची सुटका केली. आणि आम्ही, रोज वेदीवर उभे राहून कर्तव्यात झालेल्या कसुरीचीही कबुली देणारे, त्या गर्दीला "चूक आमची आहे" एवढे तीन शब्द सांगू शकलो नाही. गर्दी आमच्या बाजूची होती, आणि ती सोयीची होती.

आपल्या मराठीत अशा प्रसंगाला तीन प्रकारची वाक्ये आहेत. "धडक झाली," "माझ्याकडून धडक झाली" आणि "मी धडक दिली." पहिल्या वाक्यात माणूसच नाही. तिसऱ्यात माणूस आहे, पण मुद्दाम केल्यासारखे वाटते, आणि मुद्दाम तर कुणी केलेले नसते. मधले वाक्य नीतिशास्त्राच्या दृष्टीने फार प्रामाणिक आहे. हेतू नव्हता, पण जबाबदारी होती, असे ते सांगते. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचे भाग सांगताना दूरदृष्टी, भोवतालचे भान आणि सावधगिरी यांची वेगवेगळी नोंद केली आहे. म्हणजे बेसावधपणा हा केवळ नशिबाचा भाग नाही. जिथे सावध राहणे आपल्या हातात होते तिथे तो आपलाच दोष आहे. वरच्या पहिल्या परिच्छेदात आम्ही काय लिहिले ते पुन्हा पाहा. "पॅरिशच्या गाडीची धडक बसली." जणू गाडी एकटीच निघाली होती. कबुली द्यायला बसलो तरी लेखणी अशी वळते.

दुसऱ्या दिवशी विम्याचा फॉर्म भरायचा होता. अपघात कसा झाला, यासाठी त्यात दोन ओळींची जागा असते. या विषयातील जाणकार असलेल्या एका हितचिंतकाने वाक्य तयार करून दिले, "समोरील वाहन अचानक थांबल्यामुळे." बंधुभगिनींनो, हे वाक्य खोटे नव्हते. रिक्षा खरोखरच अचानक थांबली होती. म्हणूनच ते धोक्याचे होते. पुढचे वाहन एकाएकी थांबले तरी आपल्याला थांबता यावे इतके अंतर मागच्याने ठेवायचे, असा रस्त्याचा नियमच आहे. तेव्हा समोरचा का थांबला हा प्रश्न मागच्याने विचारायचाच नसतो. खऱ्या वाक्यांनी खोटे चित्र उभे करता येते, आणि पापनिवेदनाच्या खिडकीत बसून आम्हाला याचा अनुभव पुष्कळ आहे. आम्ही लिहिले, "चालकाचे लक्ष मोबाईलकडे गेल्यामुळे."

त्या संध्याकाळी उशिरा का होईना, आम्ही पोलीस स्टेशनला जाऊन हकिकत नोंदवली होती. मोटार वाहन कायद्यानुसार अपघातात कुणाला इजा झाली असेल तर चालकाने त्याच्या औषधोपचाराची व्यवस्था करायची असते, आणि लवकरात लवकर, फार तर 24 तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्याला खबर द्यायची असते. "आपसात मिटवले" म्हणून हे कर्तव्य संपत नाही. मागून धडक बसलेल्या माणसाची मान कधीकधी त्याच वेळी दुखत नाही, दुसऱ्या दिवशी आखडते. म्हणून जागेवर "काही नाही झालं" म्हणणाऱ्याच्या शब्दावर आपण सुटका मानून घेऊ नये.

तसेच झाले. सकाळी स्टेशनच्या स्टँडवर चौकशी करत गेलो तर तो घरी होता. मान वळत नव्हती. रिक्षा गॅरेजमध्ये. रिक्षाचे इंजिन मागच्या बाजूला असते, त्यामुळे आमच्या गाडीचा बंपर जेमतेम चेपला तरी त्याची रिक्षा चार दिवस उभी राहिली. रिक्षाही भाड्याची. रिक्षा चालो न चालो, मालकाचे भाडे थांबत नाही.

निर्गमाच्या 21व्या अध्यायात एक छोटा नियम आहे. मिस्सामध्ये तो सहसा वाचला जात नाही. भांडणात एकाने दुसऱ्याला मारले आणि तो अंथरुणाला खिळून पुन्हा काठी टेकत हिंडू-फिरू लागला, तर मारणाऱ्याला मोठी शिक्षा नाही. पण जखमी माणसाचा जितका वेळ वाया गेला त्याची भरपाई त्याने करायची आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याची काळजी घ्यायची. तीन हजार वर्षांपूर्वीच्या समाजाला कळले होते की गरिबाच्या जखमेत त्याचा खाडाही मोजायचा असतो. आपण मात्र पत्रा किती चेपला तेवढेच मोजतो.

आम्ही त्याला रोजची कमाई विचारली. त्याने आकडा कमी सांगितला. खरा आकडा स्टँडवरच्या दुसऱ्या एका चालकाकडून कळला. गॅरेजचे बिल, डॉक्टरांची फी आणि चार दिवसांचा खाडा दिला आहे. येथे हेही स्पष्ट करणे आवश्यक आहे की ही रक्कम धर्मग्रामाच्या निधीतून दिलेली नाही. मात्र पॅरिशच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी विम्याचा क्लेम केल्यामुळे नो क्लेम बोनस गेला आहे आणि पुढचा हप्ता वाढणार आहे. तो फरकही आम्हीच भरणार आहोत. फायनान्स कमिटीला तसे कळवले आहे.

पैसे देणे त्यामानाने सोपे होते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू सांगतो की प्रतिवादीबरोबर वाटेत असतानाच समेट करून टाक, न्यायाधीशापर्यंत जाण्याची वाट पाहू नकोस. पुष्कळदा आम्ही यावर प्रवचन केले, पण "वाट" हा शब्द अगदी डांबरी रस्ता होऊन समोर येईल असे वाटले नव्हते. 2007 साली व्हॅटिकनच्या स्थलांतरितांविषयीच्या परिषदेने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. वर्तमानपत्रांनी तेव्हा त्या गमतीने छापल्या. त्यातील आठवी अशी, की दोषी चालक आणि त्याच्यामुळे ज्याला सोसावे लागले तो, या दोघांना योग्य वेळी समोरासमोर आणावे, म्हणजे क्षमेतील मोकळेपणा दोघांनाही अनुभवता येईल. आम्ही त्याच्या खोलीत बसून "चूक आमची होती, आणि तिथे लोकांसमोर आम्ही गप्प बसलो ती दुसरी चूक" असे म्हणालो, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "ये बात आप उन लोगों को भी बोलेंगे?" त्याच्या दृष्टीने पैशांचा हिशेब पूर्ण झाला होता, लोकांसमोरचा बाकी होता. अपमान चारचौघांत झाला असेल तर माफी खोलीत मागून भागत नाही, हे त्याने आम्हाला शिकवले. म्हणून हे पान.

त्या दिवशी नाक्यावर आमची बाजू घेणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. तुम्ही प्रेमापोटी बोललात आणि आम्ही तुम्हाला थांबवले नाही. पण तो भाऊ सकाळी सात ते अकरा स्टेशनच्या पश्चिमेच्या स्टँडवर असतो. त्याच्याशी दोन शब्द बोलून या. आम्हीही सोबत येऊ.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. रिक्षात एक प्रवासी ताई होत्या. साधारण पन्नाशीच्या, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी आणि निळी छत्री. त्यांचा गुडघा समोरच्या दांडीवर आपटला होता. गर्दी वाद घालत असताना त्या लंगडत उतरल्या आणि दुसऱ्या रिक्षाने निघून गेल्या. पोलिसांना सांगितले आहे, नाक्यावरच्या दुकानांतही विचारले, पण पत्ता लागला नाही. आपल्यापैकी कुणी त्यांना ओळखत असेल, अथवा त्या कुणाच्या शेजारी राहत असतील, तर कृपया पॅरिश ऑफिसमध्ये कळवावे. सोमवार सोडून रोज सकाळी 9 ते 12 ऑफिस उघडे असते. ऑफिस बंद असल्यास निवासाची बेल वाजवावी.

आपला,
प्रमुख धर्मगुरू