विस्तारकार्यातील विद्यार्थी आणि त्यांची वैयक्तिक माहिती

विद्यापीठाने आपल्या आवाराबाहेर पडून समाजासाठी जे काम करावे अशी अपेक्षा असते त्याला विस्तारकार्य म्हणतात, आणि अध्यापन व संशोधन यांच्या जोडीने हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य आहे, अशी भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये घेतली. त्याआधीच, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती, आणि ११ नोव्हेंबर २०१४ रोजी उच्चशिक्षणसंस्थांनी गावे दत्तक घ्यावीत असे सुचवणारे उन्नत भारत अभियान तिच्या जोडीला आले. या कामाचे मोजमाप तास, शिबिरे आणि लाभार्थी यांच्या आकड्यांत होत राहिले. ते आकडे दाखवण्यासाठी माणसांविषयीची जी माहिती गोळा होते तिचे पुढे काय होते, याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

हा प्रश्न कोणाला भिडतो हे पाहण्यासाठी छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातले अहिवारा विचारात घेण्याजोगे आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी पुरवणाऱ्या नंदिनी खाणीच्या शेजारचे हे छोटे नगर आहे, त्याच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि त्याच्या आसपास गेल्या दोन दशकांत उच्चशिक्षणाच्या संस्था दाटीने उभ्या राहिल्या आहेत : २००५ मध्ये भिलाईचे स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ, २०१५ मध्ये दुर्गचे विद्यापीठ, जे आता हेमचंद यादव यांच्या नावाने ओळखले जाते, आणि २०१६ मध्ये आयआयटी. अशा परिसरातील अकरावी-बारावीचा विद्यार्थी करिअर मार्गदर्शनाच्या किंवा विज्ञान शिबिराच्या निमित्ताने विद्यापीठाच्या यादीत येतो, आणि तोच पुढे महाविद्यालयात जाऊन स्वयंसेवक झाला की इतरांची माहिती भरून घेणारा होतो.

या दुसऱ्या भूमिकेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक दोन वर्षांत २४० तास काम करतो आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात दत्तक गावी राहतो. मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन व विस्तार विभागाच्या उपक्रमांत तर स्त्रियांच्या सामाजिक स्थितीची घरोघर पाहणी विद्यार्थीच करतात. विस्तारकार्याच्या नोंदणी अर्जांत जन्मतारीख, भ्रमणध्वनी, रक्तगट, सामाजिक प्रवर्ग, अनेकदा आधार क्रमांक आणि बँक खाते विचारले जाते, तर गावातील पाहणीत कुटुंबाचे उत्पन्न, शिक्षण, शौचालय, इंधन यांची नोंद होते. ही सारी माहिती कागदावरून संगणकाच्या तक्त्यात, तिथून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात आणि अखेर अहवालाला जोडलेल्या छायाचित्रांत जाते. या प्रवासात बहुधा कोणाचाही वाईट हेतू नसतो. काम वेळेत व्हावे म्हणून एक यादी दहा जणांना पाठवली जाते आणि शिबिर संपल्यावर ती पुसण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. मोठ्या यंत्रणांनाही आपल्याजवळची माहिती नेहमी राखता येत नाही. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची नव्वद हजारांहून अधिक प्रवेशपत्रे टेलिग्रामवर उघड झाली होती. महाविद्यालयातील एका कपाटाकडून आणि एका प्राध्यापकाच्या भ्रमणध्वनीकडून त्याहून भक्कम बंदोबस्ताची अपेक्षा ठेवता येणार नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले, आणि त्यानंतर सहा वर्षांनी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. संमती मुक्त, विशिष्ट हेतूपुरती, माहितीपूर्वक आणि विनाअट असावी, तसेच ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे, असे हा कायदा म्हणतो. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने बालक असल्यामुळे तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. म्हणजे सतरा वर्षांचा प्रथम वर्षाचा स्वयंसेवकही यात येतो. पालक खरोखर पालक आहे हे पडताळण्यासाठी त्यांचीही ओळखपत्रे मागितली गेली, तर संरक्षणाच्या नावाने माहितीचा साठा वाढेल, हा धोका येथे आहे.

तरीही मूळ अडचण संमतीच्या कल्पनेतच आहे. ज्या संस्थेत मुलाला प्रवेश मिळावा असे कुटुंबाला वाटते, तिने पुढे केलेल्या अर्जावर सही करायला नकार देण्याचे बळ अहिवाऱ्याच्या खाणकामगाराच्या किंवा शेतमजुराच्या घरात असेल असे मानणे वास्तवाला धरून नाही. भाषेचाही अडसर आहे. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय कायद्याने केली आहे. भिलाईतल्या मराठी कुटुंबाला त्यामुळे मराठीत सूचना मागता येते, पण छत्तीसगढी त्या अनुसूचीत नसल्याने तिथल्या बहुसंख्य घरांना आपल्या बोलीत ती मागण्याचा हक्क नाही. ज्या कार्यक्रमाचा उद्देशच लोकांपर्यंत पोहोचणे हा आहे, त्याने कायद्याने सांगितले नाही तरी छत्तीसगढीत समजावून सांगितलेच पाहिजे.

जातीच्या रकान्याबाबत कायदा आणखी अपुरा पडतो. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात व जमात, धर्म, आरोग्य यांना संवेदनशील माहितीचा वेगळा दर्जा आणि अधिक कडक संरक्षण होते. २०२३ च्या कायद्याने हा भेद ठेवलाच नाही, त्यामुळे रक्तगट, पत्ता आणि प्रवर्ग एकाच पातळीवर आले. शिष्यवृत्ती देण्यासाठी प्रवर्ग विचारावा लागतो हे खरे, पण त्याच यादीची प्रत शिबिराच्या सहकाऱ्यांच्या हाती पडली, तर ज्या विद्यार्थ्याने आपली जात सहाध्यायांना सांगण्याचे टाळले होते त्याचा निर्णय संस्थेने परस्पर मोडलेला असतो. ही इजा पैशात मोजता येत नाही आणि ती भरूनही येत नाही.

यावर हिशेबाचा आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे : सरकारी पैशातून चालणाऱ्या कामाचे लाभार्थी खरे आहेत की कागदोपत्री, हे तपासता आलेच पाहिजे, आणि खासगीपणाची ढाल पुढे करून अपहार झाकला जाता कामा नये. मात्र तपासासाठी नावांची यादी एका जबाबदार अधिकाऱ्याकडे कुलूपबंद असणे पुरते. ती प्रत्येक अहवालात छापण्याची गरज नसते. घरांच्या पाहणीत गावाचे चित्र मिळण्यासाठी संख्या लागतात, कुटुंबप्रमुखाचे नाव आणि क्रमांक नव्हे. संमतीचा आधार इतका कमकुवत असताना कमी विचारणे आणि हेतू संपताच माहिती नष्ट करणे हेच खरे संरक्षण ठरते, आणि त्याची जबाबदारी सही करणाऱ्या विद्यार्थ्यावर नव्हे तर अर्ज छापणाऱ्या विद्यापीठावर आहे.

विद्यापीठांच्या विस्तार विभागांनी आणि महाविद्यालयांतील कार्यक्रम अधिकाऱ्यांनी मे २०२७ ची वाट पाहू नये. येत्या सत्राचे नोंदणी अर्ज छापायला देण्यापूर्वी ज्या रकान्याचा उपयोग सांगता येत नाही तो खोडावा, आणि उरलेली माहिती कोणत्या तारखेला नष्ट होईल ते त्याच अर्जावर लिहावे.